इन्व्हर्टर: चालू करण्यापेक्षा बंद करणं अवघड

वीज गेली की इन्व्हर्टर चालू होतो, हे सगळ्यांना दिसतं. पण त्याच्या आतल्या बहुतेक अकलेचं काम असतं ते वेळेत बंद होण्याचं. या यंत्राचा इतिहासही तसाच आहे. डीसीचा (बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) एसी (सतत दिशा बदलणारी घरातली वीज) करायला फारसं डोकं लागत नाही: बॅटरीचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने सोडायचा आणि हे सेकंदाला ५० वेळा करायचं. अडचण होती ती वाहता प्रवाह तोडण्याची.

नावातच पहिली पिढी लपलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एसीचा डीसी करणारी फिरती यंत्रं आली, त्यांना रोटरी कन्व्हर्टर म्हणत. तेच यंत्र उलटं चालवलं, म्हणजे डीसी देऊन एसी घेतला, की ते ‘इन्व्हर्टेड’. पुढे १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या डेव्हिड प्रिन्स यांनी ‘द इन्व्हर्टर’ याच शीर्षकाचा लेख लिहिला आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारं साधन) उलटा चालवण्याच्या कल्पनेला हा शब्द चिकटला.

१९३० च्या दशकातल्या मोटारीतल्या रेडिओत या कामाला व्हायब्रेटर असे. चुंबकाने ओढली जाणारी एक पातळ पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरायची आणि दोन बाजूंचे कॉन्टॅक्ट आळीपाळीने जोडायची. प्रत्येक वेळी ठिणगी. कॉन्टॅक्ट जळून खडबडीत व्हायचे आणि एखाद्या दिवशी चिकटूनच बसायचे. मग बॅटरी थेट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवर (तारेच्या वेढ्यांवर). तिथे संरक्षण एकच, फ्यूज.

१९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर हा सिलिकॉनचा स्विच तयार केला, तेव्हा हलणारे भाग गेले, पण बंद करण्याचा प्रश्न आणखी चिघळला. थायरिस्टरच्या गेटवर, म्हणजे त्याला हुकूम देणाऱ्या टोकावर, विजेची एक छोटी पल्स दिली की तो चालू होतो. त्यानंतर गेटचं तो काही ऐकत नाही. प्रवाह शून्यावर आला तरच तो सुटतो. एसीत प्रवाह आपोआप शून्यावर येत राहतो. बॅटरीचा कधीच येत नाही. म्हणून विल्यम मॅकमरे यांच्यासारख्या अभियंत्यांनी १९६० च्या दशकात खास सर्किट रचली: भरलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) ऐन क्षणी उलटा झटका देऊन थायरिस्टर विझवणार. हा झटका एकदा जरी चुकला तरी दोन्ही बाजू एकदम चालू, म्हणजे बॅटरी शॉर्ट. त्या काळच्या अभियंत्यांनी काय धास्तीत दिवस काढले असतील!

खरा सुटकेचा श्वास मॉस्फेट या ट्रान्झिस्टरने दिला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठा प्रवाह पेलणारे मॉस्फेट बाजारात आले. गेटला व्होल्टेज दिलं की चालू, काढलं की बंद. त्याच दशकात, १९७६ मध्ये, सिलिकॉन जनरल कंपनीची पल्सविड्थ, म्हणजे प्रत्येक वेळी स्विच किती वेळ चालू राहील ते, सांभाळणारी चिप आली. तिच्या कुटुंबातल्या एसजी३५२४ वर पुढे असंख्य छोटे इन्व्हर्टर बांधले गेले. तिच्या दहाव्या पायाचं (पिनचं) नाव आहे शटडाउन. माझ्या मते घरगुती इन्व्हर्टरच्या इतिहासात या एका पायाचं मोल सगळ्यात जास्त. कारण ओव्हरलोड असो वा शॉर्ट, ‘थांब’ म्हणायला आता एक हक्काची जागा मिळाली.

या जागेवर कोण कोण ओरडतं? शॉर्ट सर्किट थांबवायला मिळतात जेमतेम काही मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश). फ्यूज तेवढ्यात जागाही होत नाही. मॉस्फेट स्वतः जळून फ्यूजला वाचवतो, असा दुरुस्ती करणाऱ्यांत जुना विनोद आहे. ओव्हरलोडला मात्र सवलत द्यावी लागते, कारण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. तेवढ्यावर ट्रिप झाला तर इन्व्हर्टर कुणी विकत घेणार नाही. दोन बाजू एकाच वेळी चालू राहू नयेत म्हणून प्रत्येक अदलाबदलीत अगदी थोडी उसंत ठेवतात, तिला डेड टाइम म्हणतात. तापमान वाढलं तर आधी पंखा, मग कटऑफ.

सगळ्यात गमतीदार आहे तो लो बॅटरी कटऑफ. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात. साधारण १०.५ व्होल्टच्या खाली खेचली की प्लेटांवर सल्फेट धरतो आणि बॅटरीचं आयुष्य घटतं, म्हणून तिथे थांबायचं. आता ६०० वॉटचा लोड घ्या: बॅटरीतून किमान ५० अँपिअर. टर्मिनलवर पांढरी बुरशी चढून ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी रोध आला, तरी तिथेच अर्धा व्होल्ट पडतो आणि २५ वॉट उष्णता होते. बॅटरीत ११ व्होल्ट असताना इन्व्हर्टरला १०.५ दिसतात. तो बंद होतो. लोड सुटताच व्होल्टेज पुन्हा १२ च्या आसपास चढतं. फक्त आकडा बघून तो परत चालू झाला, तर चालू-बंदचा खेळ कधी संपणारच नाही. म्हणून एकदा कट झाला की तो तसाच अडून बसतो. बॅटरीवर खापर फोडण्याआधी टर्मिनलला हात लावून बघावा: गरम लागलं तर दोष तिथे आहे.

वीज परत आली की बऱ्याच इन्व्हर्टरांत तोच ट्रान्सफॉर्मर आणि तेच मॉस्फेट उलट्या दिशेने कामाला लागतात आणि बॅटरी भरू लागतात, रोटरी कन्व्हर्टरसारखेच. आता थांबण्याचा आकडा बदलतो: साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढवायचं, मग १३.६ च्या आसपास उतरून रेंगाळायचं. त्यापुढे नेटाने रेटलं, तर आत जाणारी वीज बॅटरीतलं पाणी फोडून त्याचा वायू करण्यातच खर्च होते.