पाठीतल्या पाण्यातली प्रथिने आणि मेंदूचा टीबी

पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो, ही भीती विदर्भातल्या खेड्यांत अजून एवढी घट्ट आहे की मेंदूज्वराच्या रुग्णाचे नातेवाईक संमतीपत्रावर सही करायला कचरतात. प्रत्यक्षात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली घातली जाते. प्रौढ माणसात हे पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा मेरुद्रव, सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो, त्यामुळे तपासणीसाठी काढलेले थोडे पाणी लवकरच भरून निघते.

या द्रवात प्रथिने फार थोडी असतात : १०० मिलिलिटरमध्ये साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम, म्हणजे रक्तद्रवाच्या जवळपास दोनशेवा हिस्सा. म्हणूनच मेंदूच्या आवरणाला सूज येऊन रक्तातली प्रथिने आत झिरपू लागली की ते लगेच उघडकीस येते. टीबीच्या मेंदूज्वरात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन इतके झिरपते की नळी काही तास न हलवता ठेवल्यास वरवर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात कधी कधी कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम पडदा धरतो. मात्र एकूण प्रथिने वाढली एवढ्यावरून जंतू कोणता ते कळत नाही. सुईने एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावली तरी आकडा फुगतोच.

टीबीचे जंतू मेरुद्रवात विरळ असतात, सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा सापडत नाहीत, आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, लागणारे आठवडे रुग्णाच्या हाती नसतात. जनुकीय चाचणी काही तासांत उत्तर देते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी एडीए (अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज) या विकराची, म्हणजे एन्झाइमची, मदत होते. टीबीशी झुंजणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमुळे तो वाढतो, आणि रंगबदलावर आधारलेली त्याची चाचणी स्वस्त आहे. प्रति लिटर १० युनिटच्या आसपासची मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरतात. पण एडीए हा शरीराच्या प्रतिकाराचा पुरावा आहे, जंतूचा नव्हे. पू करणाऱ्या जंतूंच्या मेंदूज्वरातही तो चढतो. पेशींची मोजणी आणि त्याच वेळी घेतलेल्या रक्तातल्या साखरेशी ताडून पाहिलेली मेरुद्रवातली साखर सोबत नसेल, तर नुसत्या एडीएवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. याउलट, अँटिजेन ८५ हे प्रथिन टीबीचा जंतू स्वतःच बाहेर सोडतो. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये मेरुद्रवातल्या या प्रथिनावर संशोधन झाले आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

मेंदूज्वर विषाणूंमुळेही होतो, आणि तिथे बहुधा प्रतिपिंडे, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, शोधतात. चांदीपुरा विषाणूपुढे मात्र हा मार्ग तोकडा पडतो. १९६५ साली नागपूरजवळ सापडलेला, वाळूमाशीमुळे पसरणारा हा विषाणू मुलांना कधी कधी एक-दोन दिवसांत मृत्यूच्या दारात नेतो. तेवढ्यात प्रतिपिंडे पुरेशी तयारही झालेली नसतात, म्हणून विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्यच, शोधावे लागते. जपानी मेंदूज्वरात मात्र मेरुद्रवातले आयजीएम हे संसर्गात लवकर तयार होणारे प्रतिपिंड निदानाला चांगले उपयोगी पडते.

मेळघाटातल्या धारणीसारख्या ठिकाणाहून घाट उतरून नमुना अमरावतीला न्यायचा, तर तो उन्हात तापू न देता थंड पेटीतून पाठवावा लागतो. रुग्णाची अवस्था गंभीर असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात, आणि आकडे हाती आले की औषधे बदलायची की चालू ठेवायची ते ठरवतात.