पेठेतला धूर आणि बोगद्यातला वारा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्याला हे सांगावे लागत नाही: ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी पॅटर्न हुबेहूब मापाचा केला, तर ओतलेला भाग लहान निघतो. लोखंड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्नला तेवढी सूट द्यायची. शहराचा छोटा नमुना करून त्यावर वारा सोडणाऱ्यांना त्यांची सूट सापडायला मात्र साठेक वर्षे गेली.

विंड टनेल, म्हणजे नमुन्यावर वारा सोडायचा बोगदा, जन्मला तो उडण्याच्या ध्यासातून. इंग्लंडमध्ये वेनहॅमने 1871 मध्ये पहिला बांधला, राइट बंधूंनी 1901 मध्ये आपला. घरांचे नमुने बोगद्यात ठेवले ते कोपनहेगनच्या इर्मिंगरने, 1890च्या दशकात. उंच चिमणीच्या ओढीने त्याने हवा खेचली, आणि छपराला वारा नुसता दाबत नाही, वर ओढतोही, हे दिसले.

पण हा वारा गुळगुळीत होता. खरा वारा शेते, झाडे, घरे यांना घासत येतो. जमिनीलगत मंद आणि खवळलेला, वर वेगवान. डेन्मार्कच्याच मार्टिन येन्सेनने 1958 मध्ये नियम मांडला: घर जितक्या पटीने लहान केले, तितक्याच पटीने जमिनीचा खरखरीतपणाही लहान करा. मोकळ्यावरच्या खऱ्या घरावरचे दाब आणि बोगद्यातले दाब तेव्हाच जुळले. माझ्या मते या विषयाचा खरा आरंभ इथून होतो. पुढे अमेरिकेत कोलोरॅडोला जॅक सर्माकने वाऱ्याला तळावरून घासत येता यावे म्हणून सुमारे 27 मीटर लांबीचा बोगदा उभारला.

धुराचा अभ्यास त्याआधीच सुरू झाला होता. 1941 मध्ये मिशिगनच्या शेरलॉक आणि स्टॉकर यांनी नमुन्यांवर दाखवले की धूर वाऱ्याच्या दीडपट वेगाने बाहेर पडला नाही, तर चिमणीमागे खाली ओढला जातो. गुऱ्हाळाचा धूर जोराच्या वाऱ्यात फडाकडे लोळताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच पटेल.

रस्त्यांची गोष्ट वेगळी. शहरी हवामानाचे अभ्यासक टिम ओक यांनी 1988 मध्ये आधीचे प्रयोग एकत्र मांडले. दोन्ही बाजूंच्या इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीच्या साधारण 0.7 पटीपुढे गेली, की आडवा वारा छपरांवरूनच निसटतो आणि खाली एक भोवरा फिरत राहतो. बोगद्यात रस्त्याच्या तळातून माग काढता येईल असा वायू सोडून तो कुठे साठतो हे मोजतात. जर्मनीत कार्ल्सरुहला 1:150 मापाच्या नमुन्यात दाट झाडांच्या रांगा ठेवल्या, तेव्हा हा भोवरा मंदावला आणि रस्त्यात साठणारा वायू वाढला.

कोल्हापूर 2019च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आहे. गुजरीसारख्या बोळांत दुमजली घराच्या जागी चार मजले चढले, की रुंदी तीच राहून उंची-रुंदीचे हे गुणोत्तर दुप्पट होते. मोजायला फक्त टेप लागते. आणि भोवरा तळातला धूर ज्या बाजूने वारा येतो त्याच बाजूच्या भिंतीशी नेऊन टाकतो. म्हणजे पश्चिमेचा वारा असेल, तर उत्तर-दक्षिण रस्त्यावर पश्चिमेकडच्या दुकानांच्या पायऱ्यांवर.