वरणात पाणी किती?

मे महिन्यात गडचिरोलीकडे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. बाया पहाटेच जंगलात शिरतात आणि उन्हं चढल्यावर पानांचं ओझं घेऊन परततात. त्यांच्यातल्या एखाद्या गरोदर बाईची तेव्हाची लघवी पिवळीजर्द असते, तीही जेमतेम अर्धी वाटी. घरी येऊन ती दोन तांबे पाणी प्याली की संध्याकाळी तीच लघवी पाण्यासारखी. पोटातलं बाळ तेच, वार तीच. पण वारेतून तयार होऊन लघवीत उतरणारं गरोदरपणाचं हार्मोन, एचसीजी, थेंबाथेंबात मात्र बरंच कमी दिसतं.

आशाताईंच्या ‘निश्चय’ या गर्भचाचणी किटमध्ये फक्त रेघ उमटली की नाही, एवढंच बघायचं असतं. तरीही अगदी सुरुवातीच्या दिवसांत पातळ लघवी फसवते, म्हणून सकाळची पहिली लघवी घ्यायला सांगतात. पण पोटातल्या बाळाला डाउन सिंड्रोम हा जन्मजात दोष असण्याची शक्यता किती, हे चाळून बघण्यासाठी लघवीतलं एचसीजी आणि त्याचे तुकडे मोजून पाहिले गेले, तेव्हा आकडाच महत्त्वाचा होता. पाहुणे वाढले म्हणून वरणात पाणी ओतलं, तर एका वाटीवरून पातेल्यातली डाळ कशी ओळखणार?

त्यावर उपाय क्रिएटिनिनचा. ते स्नायूंत रोज जवळपास सारखंच तयार होतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. अल्कली आणि पिक्रिक आम्ल घातलं की त्याचा नारिंगी रंग येतो. माक्स याफे यांनी १८८६ मध्ये दाखवलेली ही क्रिया आजही प्रयोगशाळांत वापरतात. समजा, दुपारी मिलिलिटरमागे ९० युनिट एचसीजी आणि १.५ मिलिग्रॅम क्रिएटिनिन निघालं. संध्याकाळी ३० युनिट आणि ०.५ मिलिग्रॅम. भागाकार दोन्ही वेळा ६०. पाणी गणितातून गेलं.

मला काळजी वाटते ती पुढची. अंगावर मांस नसलेल्या बाईच्या शरीरात क्रिएटिनिनच कमी बनतं. भाजक लहान, म्हणून हार्मोन उगाच जास्त दिसतं, आणि जास्त एचसीजी म्हणजे डाउन सिंड्रोमचा संशय. राबून वाळलेल्या बाया आपल्याकडे गावोगावी आहेत; धडधाकट बाईच्या मापाने त्यांना मोजलं, तर विनाकारण धास्ती पदरी पडते. दुसरा मार्ग लघवीच्या विशिष्ट गुरुत्वाचा, म्हणजे ती पाण्यापेक्षा किती जड आहे ते बघण्याचा. त्यात स्नायूंचा संबंध नाही, पण लघवीत साखर किंवा प्रथिनं उतरली की तोही चुकतो.

रक्तातलं पाणी शरीर स्वतःच नेमकं राखतं. डाउन सिंड्रोमसाठीच्या आजच्या डबल मार्कर आणि क्वाड्रपल चाचण्या रक्तावर होतात, त्याचं हेही एक कारण. तिथेही सुई टोचण्याआधी सिस्टर बाईला वजनकाट्यावर उभं करते. अंगाने भारी बाईत रक्त जास्त, त्यात हार्मोन पातळ होतं. तो फरक काढायला वजन लागतं.