सूत्री विभाजन आणि कॅन्सर: धडे वेगळे, गोष्ट एकच

शाळेत सूत्री विभाजन (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणं) एका धड्यात आणि कॅन्सर भलत्याच धड्यात, त्यामुळे पूर्वावस्था, मध्यावस्था हे विभाजनाचे टप्पे वगैरे सगळं फक्त आकृती काढून मार्क मिळवण्यापुरतंच आहे असं वाटत राहतं. इतिहास बघितला तर दोन्हींचा शोध हातात हात घालूनच लागलाय.

1839 मध्ये थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितलं की प्राण्यांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं, इथपर्यंत बरोबर, पण नवीन पेशी येतात कुठून? तर म्हणे पाकात खडीसाखर धरते तशा द्रवातून तयार होतात! बर्लिनच्या रॉबर्ट रेमाकने कोंबडीच्या गर्भातल्या रक्तपेशी बघितल्या आणि 1852 मध्ये स्पष्ट लिहिलं की असं काही नसतं, आधीची पेशी दुभंगूनच नवी पेशी होते. तीन वर्षांनी रुडॉल्फ विर्खो या जर्मन डॉक्टरने हेच मांडलं, रेमाकचं नावही न घेता, आणि पुस्तकांत आज विर्खोच आहे. रेमाक ज्यू होता, धर्म बदलायला तयार नव्हता, म्हणून त्याला पूर्ण प्रोफेसरकीही कधी मिळाली नाही. मला तरी हे खटकतं. विर्खोचं श्रेय वेगळं आहे, आजार म्हणजे पेशींतलाच बिघाड हे त्याने 1858 च्या लेक्चर्समध्ये ठासून सांगितलं.

पण पेशी पारदर्शक, आत काय चाललंय ते दिसणार कसं? कृत्रिम रंग बाजारात आले तेव्हा कुठे जमलं. फ्लेमिंगने (पेनिसिलिनवाला नाही हं, हा जर्मनीतला वाल्थर) सॅलॅमँडरच्या (पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी) पिल्लांच्या मोठ्या पेशी रंगवल्या आणि आतले दोरे, म्हणजेच गुणसूत्रं, उभे चिरून दोन्हीकडे जाताना बघितले, 1882 मध्ये पुस्तकच काढलं. लगेच 1890 मध्ये हान्सेमान या जर्मन डॉक्टरला कॅन्सरच्या पेशींत ही वाटणी कमीजास्त होताना दिसली. जर्मन जीवशास्त्रज्ञ बोव्हेरीने सी अर्चिनच्या (समुद्रातला काटेरी प्राणी) एकाच अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या की गुणसूत्रांचा कसा गोंधळ होतो ते पाहिलं होतं, त्यावरून 1914 मध्ये त्याने म्हटलं की कॅन्सरचं मूळ गुणसूत्रांच्या बिघाडात असावं. पुरावा मात्र नव्हता.

तो मिळाला 1960 मध्ये फिलाडेल्फियात. एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरच्या पेशंटमध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा छोटं सापडलं, आणि 1973 मध्ये जॅनेट रावलीने दाखवलं की 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलीय. त्यातून जे बिघडलेलं प्रोटीन तयार होतं, त्यालाच रोखणारी इमॅटिनिबची गोळी 2001 मध्ये अमेरिकेत आली, आणि तिच्या ग्लिवेक या ब्रँडचं पेटंट आपल्या सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये नाकारलं, त्यामुळे इकडे जेनेरिक गोळ्यांचा रस्ता मोकळा राहिला.