ओगुलिन: नदी गिळणारं गाव आणि त्याची रेल्वे

क्रोएशियात झाग्रेबहून रियेकाला जाणाऱ्या रेल्वेवर ओगुलिन नावाचं एक छोटं गाव आहे, आणि त्या गावाच्या अगदी मधोमध नदी गायब होते. म्हणजे आटत वगैरे नाही, चांगली वाहती डोब्रा नदी उंच कड्याच्या पायथ्याशी येते आणि सरळ एका भोकात शिरते! वर काठावर घरं, सोळाव्या शतकापासून उभा असलेला फ्रँकोपान घराण्याचा किल्ला, आणि खाली काळोख. या विवराला ज्यूलाचं विवर म्हणतात, प्रेमभंग झालेल्या ज्यूला नावाच्या मुलीने इथे उडी घेतली अशी दंतकथा आहे.

हे होतं कसं तर सगळा खेळ चुनखडीचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, ते फटींतून झिरपत दगड विरघळवत जातं, हजारो वर्षांत फटीची नळी होते, नळीची गुहा होते आणि शेवटी अख्खी नदीच खाली जाते. इथली गुहा सुमारे 16 किलोमीटर लांब आहे, कित्येक वर्षं ती देशातली सगळ्यात लांब गुहा होती. पाणी पुढे गोयाक गावाजवळ परत वर येतं. 1959 पासून तिथे वीजनिर्मिती होते, त्यासाठी बरंचसं पाणी वरच अडवून बोगद्यातून नेतात, त्यामुळे एरवी विवर शांत असतं, पण जोराचा पाऊस झाला की विवराला सगळं पाणी गिळता येत नाही आणि ते कड्यांच्या मध्ये चढत जातं.

आता अशा प्रदेशातून रेल्वे न्यायची म्हणजे बघा, वाफेच्या इंजिनाला सारखं पाणी लागतं आणि इथलं पाणी तर जमिनीखाली पळालेलं! पण तेव्हा हा सगळा भाग ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता आणि हंगेरीला रियेका बंदर हवंच होतं, म्हणून 1873 मध्ये कार्लोवात्स ते रियेका लाइन सुरू झाली, ती ओगुलिनवरून पुढे चढत 800 मीटरच्या वर जाते आणि मग समुद्रापर्यंत उतरते. मला तर ही लाइन म्हणजे त्या काळातली कमालच वाटते. 1925 मध्ये शेजारच्या ओश्तारियेहून लिका प्रदेशामार्गे क्निनपर्यंतची, म्हणजे स्प्लिट बंदराकडे जाणारी लाइन पूर्ण झाली, तेव्हापासून रियेकाची आणि स्प्लिटची वाट इथेच वेगळी होते.