भिंतीवर बसलेला ॲटलास पतंग आजारी नसतो

पावसाळ्यात बोरिवली, मुलुंड किंवा आरेकडच्या एखाद्या इमारतीच्या जिन्यात तळहाताहून मोठा, तांबूस पतंग भिंतीला चिकटलेला दिसतो. दिवसभर हलत नाही. मग कोणीतरी कळवळून बशीत साखरपाणी आणून ठेवतं. ते वाया जातं, कारण ॲटलास पतंगाला खाता-पिता येईल असं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर त्याचे पुढचे आठ-पंधरा दिवस निघतात, आणि उडण्यात ती सगळ्यात जास्त जळते.

आधी मिशा बघा. रुंद, पिसासारख्या असतील तर नर. अरुंद असतील आणि पोट जाड असेल तर मादी. कोषातून बाहेर येतानाच तिचं पोट अंड्यांनी भरलेलं असतं, त्यामुळे जोडीदार शोधत ती हिंडत नाही. पंख वाळले की जवळच बसते आणि रात्री पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढून गंध सोडते. त्या गंधाच्या मागावर उडण्याचा खर्च नर करतो.

मिलनानंतर हे सगळं उलटं होतं. मादी गंध सोडायचं थांबवते आणि अंडी घालत उडू लागते. याच कुळातल्या अमेरिकेतल्या सिक्रोपिया पतंगावर कीटकशास्त्रज्ञ लिन रिडिफर्ड यांनी १९७३ मध्ये या बदलाचं मूळ दाखवलं. मादीच्या पोटात नराचं वीर्य साठवणारी एक पिशवी असते. ती आधीच काढली, तर मिलन होऊनही मादी गंध सोडतच बसते. पिशवी जागेवर असेल, तर शुक्राणू पोचल्यावर ती रक्तात एक द्रव्य सोडते आणि वागणूक पालटते. एवढ्याशा पिशवीच्या निरोपावर सगळी उड्डाणं ठरतात, हे मला फार विलक्षण वाटतं.

वयाबरोबर उडण्याचा जोर कसा बदलतो, हा हिशेब मात्र सगळ्या पतंगांत सारखा नाही. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा पतंग मकरंद पितो. पहिल्या रात्री तो कमी उडतो, पुढच्या काही रात्री त्याचा जोर वाढतो, मग उतरतो. ॲटलासला भर घालता येत नाही, त्याची शिल्लक रोज घटतच जाते.

पंखांच्या टोकांवर नागाचं तोंड दिसतं म्हणून हळदकुंकू वाहू नका, तो निव्वळ खवल्यांचा रंग आहे. पंख चुरगळलेले, लोंबते असतील तर हात लावू नका, ते अजून ताठ व्हायचे आहेत. एरवी काडीवर चढवून झुडपावर सोडा. मादी जिन्यातच राहिली, तर रात्री तिथला दिवा बंद ठेवा, नाहीतर आलेला नर तिच्याकडे जायचा सोडून दिव्याभोवतीच फिरत राहतो.