लैंगिक अत्याचारपीडितांसाठी शासकीय साहाय्यसेवा : सांगली जिल्ह्यातील व्यवस्थापन

बलात्कार आणि अन्य लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रिया व बालकांना शासकीय खर्चाने उपचार, समुपदेशन, तात्पुरता निवारा, वकील आणि अर्थसाहाय्य मिळते. या सेवांचा निधी, माणसे, कागदपत्रे आणि पाठपुरावा सांभाळण्याचे काम जिल्हा पातळीवर चालते. ते कोणा एका खात्याचे नाही. सखी केंद्र (या सेवा एकाच ठिकाणी मिळवून देणारे केंद्र) महिला व बाल विकास खात्याचे, तपास गृह खात्याचा, वकील आणि भरपाई जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची, अनुसूचित जाती-जमातींच्या पीडितांचे अर्थसाहाय्य समाजकल्याणचे. रुग्णालयांतही वाटणी आहे. सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. तालुक्यांची ग्रामीण रुग्णालये मात्र सार्वजनिक आरोग्य खात्याकडे. प्रत्येक खात्याचा शासन निर्णय आपापल्या जागी बरा असतो. बाई अडकते ती दोन खात्यांच्या मधल्या जागेत, आणि व्यवस्थापनाचा खरा कस तिथेच लागतो.

पूर्वपीठिका

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि आरोपी पोलीस सुटले. त्यानंतरच्या देशव्यापी आंदोलनातून १९८३ची फौजदारी कायद्यातील दुरुस्ती झाली. पण ती शिक्षेपुरती आणि पुराव्यापुरती होती. पीडितेला पोलीस ठाण्यातच वकिलाची मदत मिळावी, भरपाईसाठी स्वतंत्र मंडळ असावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली दिल्लीतील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेच्या याचिकेत सांगितले. भरपाईला कायद्यात जागा मिळाली ती तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७अ मुळे, २००९मध्ये. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर केंद्राने २०१३-१४च्या अर्थसंकल्पात स्त्रियांच्या सुरक्षेसाठी १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी उभारला. पीडितांना अर्थसाहाय्य देणारी महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३पासूनची, तर केंद्राची वन स्टॉप सेंटर योजना, म्हणजेच सखी केंद्रे, १ एप्रिल २०१५पासूनची.

सखी केंद्र

सखी केंद्राचा संपूर्ण खर्च केंद्र शासन देते. २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही केंद्रे आणि १८१ ही महिला हेल्पलाइन केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ योजनेच्या ‘संबल’ या उपयोजनेत आली. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती कामावर देखरेख ठेवते, आणि दैनंदिन कारभार केंद्र प्रशासक पाहतात. त्यांच्या हाताखाली केस वर्कर (प्रकरणाचा पाठपुरावा करणारे कर्मचारी), समुपदेशक, कायदेविषयक आणि वैद्यकीय साहाय्य करणारे कर्मचारी, मदतनीस व सुरक्षारक्षक असतात. केंद्र रुग्णालयाच्या आवारात किंवा दोन किलोमीटरच्या आत असावे, असा मूळ योजनेचा आग्रह होता. तो योग्यच होता, कारण पहिल्या रात्री बाईला तपासणी, जबाब आणि झोपायला जागा या तिन्ही गोष्टी लागतात. निवारा पाच दिवसांपर्यंत मिळतो. पुढे राहायची सोय लागली तर ‘शक्ती सदन’सारख्या निवासी योजनांकडे पाठवावे लागते.

पाच दिवस कोणाला पुरतात, हा प्रश्न केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. आरोपी घरातलाच असेल तर पाचव्या दिवशी बाई परत कुठे जाणार, हे पहिल्याच दिवशी ठरवायला घ्यावे लागते. अठरा वर्षांखालील मुलीचा निर्णय केंद्र एकटे घेत नाही. पॉक्सो कायद्याखालील (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालील) प्रकरण पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते, आणि मुलीने कुठे राहायचे, तिला साहाय्यक व्यक्ती कोण द्यायची, हे समिती ठरवते. केस वर्करने समितीशी वेळेत बोलणे केले नाही, तर दोन्ही यंत्रणा एकमेकींची वाट पाहत बसतात.

या केंद्रांतली बहुतेक माणसे कंत्राटी मानधनावर असतात. सखी केंद्राला मिळणारा पुढचा हप्ता आधीच्या खर्चाच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यावर, अवलंबून असतो. ते अडकले की अनुदान अडकते आणि मानधन लांबते. मग माणूस सोडून जातो, आणि त्याच्यासोबत दोन-तीन वर्षांच्या प्रकरणांची माहितीही जाते. फायलीत तारखा राहतात. कोणत्या मावशीचा फोन चालतो, कोणत्या दीराला कळू द्यायचे नाही, हे फायलीत राहत नाही. म्हणून उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर पाठवणे हेसुद्धा पीडितेच्या सेवेतलेच काम धरायला हवे, लेखा विभागावर सोडून मोकळे होता येत नाही.

पहिले ७२ तास

सेवांच्या यादीत वैद्यकीय मदत ही एक ओळ असते. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त चुका आणि सगळ्यात जास्त घाई तिथेच होते. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा रोखणारी गोळीही जितकी लवकर तितकी परिणामकारक. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरील जैविक नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात. स्वॅब (कापसाच्या बोळ्यावर घेतलेले नमुने) हवेत वाळवून, मोहोरबंद करून, प्रत्येक हस्तांतरणाची नोंद ठेवून पोलिसांकडे द्यायचे असतात. ओला स्वॅब बंद पाकिटात गेला तर पुरावा कुजतो, आणि त्याचे उत्तर वर्षा-दोन वर्षांनी साक्षीत डॉक्टरला द्यावे लागते.

‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ हे वाक्य अपघात विभागाच्या दारात अजूनही ऐकू येते. कायद्याला ते मान्य नाही. पीडिता थेट रुग्णालयात आली तरी तिची तपासणी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कर्नाटकातील एका खटल्यात स्पष्ट केले. कोणतेही रुग्णालय, सरकारी असो की खासगी, तातडीने मोफत उपचार द्यायला बांधील आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७). उपचार नाकारणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २००प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सांगली-मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावांत खासगी रुग्णालयांना हे वारंवार सांगावे लागते, कारण एमएलसी (पोलीस-न्यायालयाशी संबंध येणारे वैद्यकीय) प्रकरण म्हटले की ‘सिव्हिलला घेऊन जा’ हाच पहिला सल्ला मिळतो.

संमतीशिवाय तपासणी होत नाही, आणि संमतीही तुकड्यातुकड्याने देता येते. उपचार हवेत पण नमुने नकोत, असे प्रौढ स्त्री म्हणू शकते. अल्पवयीन मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावी, असे पॉक्सोचे कलम २७ सांगते. प्रौढ स्त्रीसाठी तशी अट नाही, त्यामुळे लेडी डॉक्टर रजेवर आहेत म्हणून तिला परत पाठवता येत नाही. सोबत स्त्री कर्मचारी असली की झाले. पूर्वीचा लैंगिक संबंध शोधणारी दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये अमान्य केली. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे २०२२मध्ये पुन्हा बजावावे लागले. अत्याचारातून गर्भ राहिल्यास गर्भपाताच्या कायद्यातील २०२१च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्या वेळी गर्भाच्या ऊतींचा नमुना डीएनएसाठी राखून ठेवायला तपास अधिकाऱ्याला आधीच कळवायचे असते. हा फोन करायचा कोणी, हे ठरलेले नसले की नेमका तोच राहून जातो.

अर्थसाहाय्य

मनोधैर्य योजनेतील अर्ज सुरुवातीला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळापुढे जात आणि मदत दोन ते तीन लाखांची असे. २०१७च्या शासन निर्णयांनी कमाल रक्कम दहा लाखांपर्यंत नेली आणि निर्णयाचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दिले. सांगलीत हे प्राधिकरण विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. मंजूर रकमेपैकी २५ टक्के हातात आणि ७५ टक्के मुदत ठेवीत, अशी विभागणी आहे. ठेवीमुळे पैसा नवऱ्याच्या किंवा भावाच्या हाती पडत नाही, हा तिचा गुण. भाड्याने खोली घ्यायची वेळ आली तरी तोच पैसा बँकेत अडकून राहतो, हा दोष.

भरपाईसाठी आरोपीला शिक्षा व्हावी लागत नाही. आरोपी सापडलाच नाही तरी अर्ज करता येतो, आणि प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९६). तातडीची मदत त्याआधीही देता येते, पण त्यासाठी किमान पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचे किंवा न्यायदंडाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे पुन्हा खाते बदलले. पोलीस ठाण्याने एफआयआर आणि वैद्यकीय अहवालाची प्रत आपणहून प्राधिकरणाकडे पाठवली तर अर्ज चालतो, नाही तर तो ‘कागद अपूर्ण’ या शेऱ्यावर थांबतो. पीडिता अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल तर अत्याचार प्रतिबंधक नियमांखाली बलात्कारासाठी पाच लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी सव्वाआठ लाख रुपये समाजकल्याणकडून मिळतात. निम्मी रक्कम वैद्यकीय तपासणी व अहवालानंतर, पाव दोषारोपपत्रानंतर, उरलेली खटला संपल्यावर. हे हप्ते मागावेच लागतात. दोषारोपपत्र दाखल झाल्याचे समाजकल्याण कार्यालयाला आपोआप समजेल, या भरवशावर राहणारा केस वर्कर नवखा समजावा.

जिल्ह्याचा भूगोल

सांगली-मिरज जवळजवळ एकच शहर आहे. जत मात्र सांगलीपासून ८०–९० किलोमीटर, आणि उमदी त्याच्याही पुढे, विजापूरच्या सीमेलगत. उमदी, संख, माडग्याळ या भागांत अनेक घरांत कन्नड बोलली जाते. जबाब मराठीत लिहिला जातो. मुलीला आपली गोष्ट कन्नडमध्येच सांगता येत असेल, तर पॉक्सोच्या कलम २६खाली दुभाषी घ्यायची तरतूद आहे. शेजारचा कोणी किंवा गावातला ओळखीचा दुभाषी म्हणून बसवणे हा सोपा मार्ग, आणि तोच सर्वांत घातक, कारण संध्याकाळपर्यंत गावाला सगळे माहीत होते. बाहेरच्या, शक्यतो स्त्री दुभाष्यांची यादी प्राधिकरणाकडे आधीपासून तयार असणे, त्यांचे मानधन ठरलेले असणे, ही बारीक वाटणारी व्यवस्था जत तालुक्यात फार मोलाची आहे.

दुसरी अडचण हंगामाची. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या वाळवा, पलूस, कडेगावकडे उतरतात आणि गाळप संपले की मार्च-एप्रिलमध्ये परततात. फडावर घडलेल्या गुन्ह्याची तक्रार गावी गेल्यावर द्यायची झाली तर तिथले ठाणे शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवून इकडे पाठवते. पण खटला इकडे, बाई तिकडे. समन्स मुकादमाच्या पत्त्यावर जाते, आणि मुकादम पुढच्या वर्षी दुसऱ्याच कारखान्याला असतो. साक्षीदाराचा प्रवासभत्ता देता येतो, दूरदृश्य प्रणालीने साक्ष घेता येते, पण त्यासाठी सरकारी वकिलाला वेळेवर सांगणारे कोणीतरी हवे. टोळी परत जाण्याआधी पीडितेच्या गावचा पत्ता, तिथल्या सखी केंद्राचे नाव आणि दोन चालू फोन नंबर नोंदवून घेणे हे मार्चमधले काम आहे.

गोपनीयता

पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आहे. बातमीदारांना हे ठाऊक असते. गळती होते ती कार्यालयांतूनच : जावक नोंदवहीत पूर्ण नाव, रुग्णालयाच्या वॉर्डात पाटीवर कलम, गावच्या शाखेत भरपाईचा धनादेश. नोंदवहीत फक्त प्रकरण क्रमांक लिहिणे, नाव वेगळ्या बंद पाकिटात ठेवणे आणि खाते तालुक्याच्या शाखेत उघडणे एवढ्याने बराच फरक पडतो.

वगळले जाणारे गट

सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६पासून काम करते आणि ‘संग्राम’ ही संस्था त्याआधीपासून. लैंगिक व्यवसायातील स्त्रीवर बलात्कार झाला तर तिलाही हीच मदत मिळायला हवी, हे ठाण्यात पटवून द्यावे लागत असे. १९ मे २०२२च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय मदतीसह सर्व सुविधा अशा स्त्रियांना द्याव्यात असे सांगितले, त्यामुळे आता दाखवायला कागद आहे. मुलग्यांना पॉक्सो लागू होतो. प्रौढ पुरुष बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहेत. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९च्या कायद्यात लैंगिक अत्याचाराची कमाल शिक्षा दोनच वर्षे आहे.

न्यायालयीन टप्पा

तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडितेला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. जामिनाच्या सुनावणीत तिचे म्हणणे ऐकले जावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये मान्य केले. आरोपी सुटून गावात आल्याचे तिला एसटी स्टँडवर कळू नये, यासाठी प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकिलाने सुनावणीची तारीख आदल्या दिवशी तरी केस वर्करला सांगावी लागते. २०१८च्या साक्षीदार संरक्षण योजनेत संरक्षण मागता येते, पण त्याचा अर्ज फार थोड्यांना सुचवला जातो. खटला बंद दाराआड चालतो, तरी बाहेरच्या व्हरांड्यात आरोपीचे नातेवाईक आणि पीडिता एकाच बाकावर बसलेली दिसतात. प्राधिकरणाच्या कार्यालयातली एक रिकामी खोली त्या दिवसासाठी मिळवणे हे विधी स्वयंसेवकाचे काम, आणि त्याला वेगळ्या निधीची गरज नाही.

जिल्हा न्यायालयाच्या निकालाविरुद्धची अपिले आणि भरपाई नाकारल्याबद्दलच्या याचिका यांसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते पीठ) कोल्हापुरात बसते आणि सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिथे चालतात.